अस्सल पट्टा

"भंगारात," असं माझा मेहुणा म्हणाला, सासऱ्यांनी नुसती मान हलवली, आणि मी म्हणालो, "थांबा, मी दुरुस्त करतो."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस. लोकांनी पाठवलेल्या कागदांत काय कमी आहे ते शोधून कळवणं हे माझं काम, आणि ते मी चांगलं करतो. पण हातात पाना घेतला की माझं काही खरं नसतं. मागे एकदा सासऱ्यांच्या न्हाणीघरातला नळ मी "नुसता वॉशर तर बदलायचाय" असं म्हणून उघडला, तर खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला दुपारचं जेवण छत्री धरून करावं लागलं. त्या दिवसापासून सासरे माझ्या हातात साधा स्टुलाचा पाय द्यायचा झाला तरी आधी दोनदा विचार करतात.

म्हणूनच माझं वाक्य ऐकून सगळं घर थांबलं. सासू-सासरे मोठं घर सोडून आमच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायला येणार होते. हॉलमध्ये सामानाचे तीन ढीग पडले होते. एक न्यायचं, एक वाटायचं आणि एक भंगार. तिसऱ्या ढिगावर सर्वांत वर सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर होता.

"जावईबापू," सासरे हसून म्हणाले, "खाली कोण राहतं ते आधी बघून घ्या."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून पेटलो. "तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हा वाजला नाही तर मी स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन देईन," मी म्हणालो. वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

हा प्लेअर म्हणजे एक लाकडी खोकं, वर जड फिरती थाळी, त्या थाळीवर रेकॉर्ड आणि बाजूला सुईचा दांडा. कोपऱ्यात एक छोटी मोटर. मोटरपासून थाळीपर्यंत एक पातळ पट्टा गेलेला असतो, तो थाळी फिरवतो. बस, एवढंच शास्त्र. पण त्या घरात या खोक्याभोवती एक कडक कायदा होता. रेकॉर्ड कुणीही पुसावी, झाकण कुणीही उघडावं, पण सुई फक्त सासऱ्यांनी ठेवायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला त्या घरात चहा मिळाला, मान मिळाला, एकदा स्कूटरची किल्लीही मिळाली. सुई मिळाली नाही.

घरी येताना बायको म्हणाली, "तुला माहीत आहे का, बाबा सगळा वेळ कुणाकडे बघत होते?"

"माझ्याकडे. कुत्सितपणे."

"आईकडे. आई एरवी कधी गाते का? कितीही आग्रह केला तरी 'मी काय गायिका आहे का' म्हणते. शिवायला बसली आणि बाबांनी ती रेकॉर्ड लावली, की मात्र आपोआप गायची. प्लेअर बंद पडला तेव्हापासून एकदासुद्धा गायलेली नाही. बाबांनी रेडिओ लावून पाहिला, मोबाइलवर लावून पाहिलं, काही उपयोग नाही. आता बोलत नाहीत, पण त्यांना तेवढंच हवंय."

ती रेकॉर्ड म्हणजे एका बाईचं संथ, खालच्या आवाजातलं गाणं. दारात कुणाची तरी वाट बघणारी बाई, आणि तिला कसलीही घाई नाही. मधूनमधून बारीकशी उचकी लागते, तेवढीच. सासऱ्यांच्या मते असं गाणं पुन्हा झालं नाही. एकदा तेच गाणं रेडिओवर लागलं होतं तेव्हा त्यांनी अर्ध्यात रेडिओ बंद केला. "या रेडिओवाल्यांना सारखी घाई," ते म्हणाले होते, "बातम्यांसाठी वेळ वाचवायचा म्हणून गाणंसुद्धा पळवतात." यावर घरात कुणालाही काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही, हे महत्त्वाचं.

असो. मी प्लेअर घरी आणला. आणला म्हणजे, जिन्यात दम लागला म्हणून मी क्षणभर त्याच्यावर कोपर टेकला आणि झाकणाची एक बिजागरी तुटली. हे नुकसान मी दुरुस्तीत धरलं नाही.

थाळी उचलल्यावर आत काय दिसावं? पट्ट्याच्या जागी चक्क इलॅस्टिक! पायजम्यात घालतात ते, पांढरं, दोन टोकं एकमेकांवर ठेवून शिवलेलं, आणि आता लोळागोळा होऊन मोटरला चिकटलेलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दाव्यात खोट सापडली की मला होतो तसाच. मी लगेच सासरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, रोग सापडला! कुठल्यातरी अक्कलशून्य माणसाने यात इलॅस्टिक घालून ठेवलंय. पायजम्याचं!"

"असं का?" सासूबाई म्हणाल्या. "मग आता?"

"आता काय, हे फेकतो आणि अस्सल पट्टा आणतो."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी इलॅस्टिक चिमट्याने खरवडून काढलं आणि कचऱ्यात टाकलं.

अस्सल पट्टा कुठेही मिळत नाही हे मला त्यानंतरच्या आठवड्यात कळलं. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मला पंख्याचा कपॅसिटर दाखवला. शिवणयंत्राच्या दुकानदाराने चामड्याचा पट्टा दिला, तो बसवल्यावर मोटर जागच्या जागी हुंकार देऊ लागली. दरम्यान इमारतीत बातमी पसरली होती आणि सल्ले सुरू झाले होते. समोरच्या वहिनींनी सांगितलं की मशीन रात्रभर तांदळात ठेवा, त्यांच्या मुलाचा मोबाइल तसाच जगला. एवढ्या खोक्याला किती तांदूळ लागतील याचा त्यांनी विचार केला नव्हता, आणि त्या तांदळाचं पुढे काय करायचं याचा माझ्या बायकोने आधीच केला होता. तळमजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते स्वतःच सायकलची जुनी ट्यूब आणि कात्री घेऊन वर आले.

"परदेशी बिरदेशी काही लागत नाही," काका म्हणाले. "रबर ते रबर."

त्यांनी ट्यूबची गोल चकती कापली, ताणली, बसवली, आणि बटण दाबलं. थाळी फिरली! काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. तेवढ्यात चकती मोटरवरून निसटली, खोलीभर उडाली आणि बायकोच्या चहाच्या कपात पडली, आणि कप जमिनीवर गेला. काका म्हणाले की कप तिथे ठेवायला नको होता. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी कपाचे तुकडे वेचत होतो.

"भावोजी, सोडा ना," तो म्हणाला. "मी एक छोटा स्पीकर आणलाय. मोबाइलला जोडला की झालं."

"ठेवून दे तुझा स्पीकर," मी म्हणालो. "मी परदेशातून मागवतोय."

हे मी तोपर्यंत ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेलो, मग मागवलाच. दूरच्या एका देशात एक दुकान आहे, तिथे बंद पडलेल्या कंपन्यांच्या मशिनांचे पट्टे मापाप्रमाणे मिळतात. मी थाळीचा घेर तीनदा मोजला, बायकोने चौथ्यांदा मोजला, आणि तिचं माप पाठवलं. पट्टा निघाला, आला, आणि परदेशी पार्सलांच्या कचेरीत अडकला.

त्या कचेरीतल्या अधिकारी बाई सौम्य होत्या, हे मी आधीच सांगतो. माणूस ओरडला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. बाईंनी चष्मा वर करून पाकीट दिव्याकडे धरलं.

"यात एक रबराचं कडं आहे."

"होय. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा आहे."

"हे तुम्ही म्हणताय. कागदावर 'पट्टा, एक' एवढंच आहे. आता हा यंत्राचा भाग, की रबरी वस्तू, की वाद्याचं सामान? तिन्हींची टेबलं वेगळी आहेत."

"यंत्राचा भाग."

"मग हा भाग त्याच यंत्राचा आहे असं कंपनीचं पत्र लागेल."

"बाई, ती कंपनी तीस वर्षांपूर्वी बंद पडली."

"काही हरकत नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "मग कंपनी बंद पडल्याचं पत्र आणा. कंपनीच्या लेटरहेडवर."

मी काहीतरी जळजळीत बोलणार होतो, पण थांबलो. कारण अगदी असंच उत्तर मागच्या महिन्यात मी एका माणसाला दिलं होतं. त्याच्या दुकानाला आग लागली होती आणि मी त्याला आगीत जळालेल्या बिलांच्या मूळ प्रती मागितल्या होत्या. तो माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला होता, त्याच नजरेने मी बाईंकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी त्याचा दावा गुपचूप मंजुरीला पाठवला. पण तो विषय वेगळा.

पत्र मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी पुरावाच घेऊन गेलो. अर्ध्या दिवसाची रजा काढली, प्लेअर चादरीत गुंडाळला आणि त्या कचेरीच्या खिडकीवर नेऊन ठेवला. मागची रांग कुरकुरली. मग चादर सुटली आणि रांग जवळ आली.

"हे यंत्र," मी म्हणालो. "तुमच्यासमोर भाग बसवून दाखवतो. फिरलं तर त्याचा, नाही फिरलं तर तुमचा."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बहुधा अशा प्रसंगासाठी नियम नव्हता, आणि नियम नसला की त्या मोकळ्या होत असाव्यात. त्यांनी पाकीट फोडलं. मी थाळी उचलली, पट्टा लावला. रांगेतला एक जण "उलटा लावलाय" म्हणाला, दुसरा त्याला "गोल वस्तूला उलटं काय" म्हणाला, आणि त्यांची तिथे चांगलीच जुंपली. शिपायाने पंख्याचा प्लग काढून आमचा लावला. मी बटण दाबलं.

थाळी फिरू लागली. आवाज नाही, थरथर नाही, एकसारखी. सगळी कचेरी बघत राहिली. बाईंनी हातातला शिक्का हळूच थाळीवर उभा ठेवला, तो दोन फेऱ्या शांतपणे फिरला, आणि त्या चक्क हसल्या. मग तोच शिक्का उचलून त्यांनी माझ्या कागदावर मारला. आयुष्यात मला बढती मिळाली तेव्हाही इतका अभिमान वाटला नव्हता.

वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे सासऱ्यांच्या नव्या दोन खोल्यांत जमलो. सासूबाईंचं शिवणयंत्र खिडकीशी लागलं होतं. मी झाकणाची बिजागरी तारेने बांधली होती. मोबाइलवर थाळीचा वेग मोजायचं एक ॲप घेतलं होतं, ते मी सर्वांना फिरवून दाखवलं. "मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि वर एक तृतीयांश," मी म्हणालो. "कंपनीने ठरवलेला वेग. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

सासऱ्यांनी ती रेकॉर्ड काढली, बाहीने पुसली, ठेवली. सुई अर्थातच त्यांनीच उचलली. त्यांचा हात थोडा थरथरला आणि सुरुवातीला खर्र असा आवाज झाला. सासूबाई शिवणाला बसल्या होत्या. बायकोने माझा हात धरला.

गाणं सुरू झालं, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई चटचट गात होती. आवाज बारीक, टोकदार. दारात वाट बघणं वगैरे काही नाही, बस सुटत असल्यासारखी लगबग. सासूबाईंनी पहिल्या ओळीत आवाज मिसळायचा प्रयत्न केला. वर पोहोचेना. दुसऱ्या ओळीला त्या मागे पडल्या, तिसरीला खोकल्या, आणि "चहाचं बघते" म्हणून आत गेल्या.

सासऱ्यांनी सुई उचलली. "ही कोण बाई?" त्यांनी विचारलं.

"तीच आहे, बाबा. तीच रेकॉर्ड."

"ती नाही."

"हे बघा, तेहतीस आणि एक तृतीयांश..."

"बरोबर असेल तुमचं," सासरे शांतपणे म्हणाले. "पण आमची ती नाही." आणि ते खुर्चीत मागे टेकून खिडकीबाहेर बघू लागले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. मेहुण्याने खिशातला छोटा स्पीकर अर्धा बाहेर काढला होता, तोही त्याने परत आत घातला.

मला रडू आलं असतं, खरं सांगतो. महिनाभर माझ्या आयुष्यात त्या पट्ट्याखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि तो बरोबर होता. मी खोकं पुढ्यात घेऊन बसलो. काय चुकलं? मोटर तीच, थाळी तीच, सुई तीच. बदललं काय? फक्त ते पायजम्याचं...

मी स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई रिकाम्या पातेल्याकडे बघत उभ्या होत्या.

"आई, ते इलॅस्टिक कुणी घातलं होतं?"

"अक्कलशून्य माणसाने," सासूबाई म्हणाल्या.

फोनवरचा माझाच शब्द होता तो.

"तुमची ही पोटात होती तेव्हाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "पट्टा तुटला. हे तोंड पाडून बसले. माझ्याकडे इलॅस्टिक होतं, मी शिवून दिलं. फिरायला लागलं. तेव्हापासून तेच. सैल झालं की मी दुसरं शिवायची. यांना वाटायचं पट्टा तसाच असतो."

म्हणजे ते सैल इलॅस्टिक मोटरवर घसरत होतं, थाळी रेंगाळत होती, गाणं सावकाश आणि खाली उतरत होतं, आणि सासूबाई तेवढ्याच सावकाश, तेवढ्याच खाली गायला शिकल्या होत्या. रेडिओवाले बिचारे इतकी वर्षं बरोबर होते. या घरातलं गाणं मुळात सासूबाईंनी शिवलेलं होतं, आणि मी ते चिमट्याने खरवडून कचऱ्यात टाकलं होतं.

"आई," मी म्हणालो, "चूक झाली. एक पट्टा शिवून द्या."

"आता? वाढदिवसाच्या दिवशी? आणि तुमचा तो परदेशी?"

"त्याला कसलीही समज नाही. द्या शिवून."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पातेलं खाली ठेवलं, बाहेर जाऊन शिवणाचा डबा उघडला आणि इलॅस्टिकची गुंडाळी काढली. मी थाळी उचलून अस्सल पट्टा बाजूला काढला. सासरे खिडकीकडेच बघत होते, पण मान जरा इकडे वळली.

पहिलं इलॅस्टिक घट्ट झालं. बाई अजून घाईतच. "नाही," सासरे न वळता म्हणाले. दुसरं इतकं सैल की थाळी हलेचना. तिसऱ्याची शिवण जाड होती, ती मोटरवर आली की गाणारी बाई धडपडायची. सासूबाईंनी ते उसवलं. मी थाळी काढ, थाळी बसव करत होतो, मेहुणा मोबाइलचा उजेड धरून उभा होता, बायको दोरे कापत होती. तळमजल्यावरचे काका शुभेच्छा द्यायला आले आणि "मी म्हटलंच होतं परदेशी लागत नाही" असं म्हणून केक खाऊन गेले. सासऱ्यांनी केव्हा खुर्ची वळवली ते कुणालाच कळलं नाही. आता ते डोळे मिटून ऐकत होते. "अजून सैल. अंगुळभर," ते म्हणाले.

"अंगुळभर नाही, अर्धं," सासूबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

त्यांनी अर्ध्या अंगुळाने वाढवलेलं इलॅस्टिक मला दिलं. मी ते बसवलं, थाळी ठेवली, बटण दाबलं. थाळी आळस देत निघाली.

सासरे उठले. रेकॉर्डपाशी आले, दांड्याकडे हात नेला, आणि मध्येच थांबले. हात थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओरखडा पडायचा. जावईबापू, तुम्ही ठेवा."

मी हात पँटला पुसले, एकदा नाही, तीनदा. दांडा उचलला. इतका हलका असतो हे मला माहीत नव्हतं. श्वास धरून मी सुई टेकवली.

बाई आली. खालच्या आवाजात, सावकाश, दार धरून उभी. थोड्या वेळाने शिवण मोटरवरून गेली आणि तिला बारीकशी उचकी लागली. "आली!" सासरे पुटपुटले. त्या उचकीपाशी सासूबाईंनी श्वास घेतला, सुईत दोरा ओवता ओवता, आणि गायला सुरुवात केली. मोठ्याने नाही. पण पोहोचत होत्या, सगळीकडे पोहोचत होत्या. सासरे खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले. बायको माझ्या खांद्याआड तोंड लपवून रडत होती. अस्सल पट्टा सासूबाईंनी कापडाच्या गुंडाळीला बांधून टाकला होता, आणि तिथे तो अगदी मापात बसला होता.

मेहुण्याने माझाच मोबाइल उचलून थाळीजवळ धरला, आकडा पाहिला आणि माझ्या कानाशी लागला. "भावोजी, हे पार चुकतंय. वेग किती कमी दाखवतंय बघा."

"गप्प बस," मी म्हणालो. "ॲप बिघडलंय."